दारातले कडे

आमच्या शहापुरातील घराच्या जोत्यात, पायरीच्या डाव्या अंगाला, दगडात शिसे ओतून बसविलेले एक लोखंडी कडे आहे. शहापूर आज बेळगावचाच एक भाग असले, तरी संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगलीकर पटवर्धनांच्या राज्यात होते. बेळगाव इंग्रजांचे आणि त्याला लागून असलेले शहापूर सांगलीचे, असा दोन सरकारांचा शेजार आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. त्या काळी घरी कोणी घोड्यावरून आला तर घोडा या कड्याला बांधायचा, असे आजोबा सांगत. मी स्वतः त्या कड्याला घोडा बांधलेला कधी पाहिला नाही. लहानपणी आम्ही त्याला शेळी बांधत असू. पुढे दिवाळीत आकाशकंदिलाची दोरी बांधू लागलो. आणि नंतर कोणी काहीच बांधीनासे झाले. गेली वीसएक वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगठ्याला ठेच लावण्यापलीकडे त्या कड्याला दुसरे काम उरले नव्हते.

मध्यंतरी पायऱ्यांना नवी फरशी घालताना गवंड्याने विचारले, "काका, हे कापून टाकू काय?" मी "टाक" म्हणालो होतो. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "राहू दे. ते काय भाकरी मागतंय तुमच्याजवळ?" कडे राहिले. आज त्याच कड्यावर चार शब्द लिहावयास बसलो आहे, त्याला निमित्त एका मोटारसायकलीचे आहे.

माझी बहीण निपाणीस दिली आहे. तिचा मुलगा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला जातो. सीमाभागातील शेकडो तरुणांची ही आजची दिनचर्या आहे. सकाळी दूधगंगेचा पूल ओलांडून महाराष्ट्रात जायचे आणि संध्याकाळी परत कर्नाटकात यायचे. पाळी पहाटेची असली म्हणजे बसच्या भरवशावर राहता येत नाही. तेव्हा हप्त्याने घेतलेली मोटारसायकल हीच त्याची नोकरी टिकविणारी वस्तू.

गेल्या वर्षी आमच्याकडे साखरपुडा होता, त्यासाठी तो आदल्या रात्री निपाणीहून आला. दारात मांडव, मांडवात खुर्च्या, शेजाऱ्यांच्या दोन गाड्या आधीच उभ्या. त्याने आपली गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली, हँडलला कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली आणि जेवायला बसला. सकाळी चहाच्या वेळी तो दारात येऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, गाडी न्हाई."

अशा वेळी घरातले शहाणे माणूस जो मूर्खपणा करते तो मीही केला. म्हणालो, "नीट बघ, दुसरीकडे लावली असशील." मग घरातील सारे पुरुष चारी दिशांना धावले. गाडीच्या जागी फक्त इंजिनच्या तेलाचे दोन ठिपके होते. साखरपुडा झाला, पेढे वाटले गेले, पण माझ्या बहिणीने त्या दिवशी जेवणाच्या ताटाला हात लावला नाही. हप्ते अजून वर्षभराचे राहिले होते. विमा होता, पण कायद्याला पुरता. चोरीची भरपाई देणारा नव्हता. पुढले तीन महिने तो पोरगा नसलेल्या गाडीचे हप्ते भरीत होता आणि पहाटे रस्त्यावर उभा राहून कोणाच्या तरी मागे बसून कामावर जात होता. ज्या दिवशी कोणी मिळाले नाही त्या दिवशी खाडा. आमच्या पिढीला अजूनही मोटारसायकल म्हणजे तरुणांची चैन वाटते. ती चैन नव्हे, भाकरी आहे, हे मला त्या तीन महिन्यांत समजले.

या प्रकरणात मला एकच प्रश्न सतावीत राहिला. त्याची चूक काय झाली? त्याने कुलूप तर घातले होते. ज्यांना ज्यांना विचारले, त्या गॅरेजवाल्यांनी आणि जुन्या गाडीवानांनी हसून तेच सांगितले, की हँडलचे कुलूप हे कुलूप नव्हे, ती विनंती आहे. हँडल वळवून किल्ली फिरविली म्हणजे आत बोटभर लांबीची एक खीळ खाचेत बसते. दोन हात आणि एक पाय यांच्या जोराने ती मोडता येते. जुन्या गाडीचे कुलूप इतके झिजलेले असते, की शेजारच्याची किल्लीही त्यात फिरते. हा अनुभव कित्येकांनी घेतला असेल आणि त्यावर विनोदही केला असेल. तो विनोद दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला येतो, एवढे आपल्या ध्यानात येत नाही.

कुलपांचे दोन प्रकार आहेत हे मला या वयात कळले. एक, जे गाडीला चालू देत नाही. दुसरे, जे गाडीला जाऊ देत नाही. हँडलचे कुलूप, किंवा पुढल्या चाकाच्या डिस्क ब्रेकच्या तबकडीला अडकवायचे छोटे कुलूप, हे पहिल्या जातीचे. ही कुलुपे वाईट नव्हेत. तबकडीचे कुलूप तर स्वस्त, खिशात मावणारे आणि घाईतल्या चोराला कंटाळा आणणारे असते. मात्र ते घातल्याचा विसर पडून मालकाने स्वतःच गाडी सुरू केली, तर हात दोन हातांवर गाडी आडवी होते आणि तबकडी वाकते ती निराळीच. म्हणून त्या कुलपापासून हँडलच्या मुठीपर्यंत एक रंगीत दोरी बांधून ठेवावी. आपल्या आया विसरू नये म्हणून पदराला गाठ मारीत, त्यातलाच हा प्रकार.

परंतु पहिल्या जातीच्या कुलपांना एक मोठी मर्यादा आहे. साधी शंभर सीसीची मोटारसायकल वजनाला सुमारे 110 किलो भरते. लग्नाच्या मांडवाचे सामान उचलणारी दोन माणसे ती सहज उचलतात, आणि तिघे असले तर बोलायलाच नको. गाडी चालली नाही तरी चालविण्याची गरजच नसते. टेम्पोचा फाळका खाली पाडला की काम झाले. तेव्हा गाडी जागची हलू नये असे वाटत असेल, तर ती जागेला बांधली पाहिजे. साखळीने बांधली पाहिजे, आणि हलणार नाही अशा वस्तूला बांधली पाहिजे.

साखळीचीही काही रीत आहे. बाजारात रंगीत प्लॅस्टिकच्या नळीत घातलेली तार साखळी म्हणून विकतात. नळीमुळे ती जाड दिसते. आत हात घातला तर ती कपडे वाळत घालण्याच्या तारेची सख्खी बहीण निघते. साखळी पाणी दिलेल्या पोलादाची असावी, एकेक कडी निदान करंगळीएवढी जाड असावी, आणि कुलूप साखळीच्याच तोडीचे असावे. नाहीतर वाड्याचा दरवाजा सागवानी आणि कडीकोयंडा पत्र्याचा, अशी गत होते. साखळी नुसत्या चाकातून ओवू नये. चाक खोलणे हे पंक्चर काढणाऱ्या पोराचे पाच मिनिटांचे काम आहे. सकाळी पाहावे तर साखळीत चाक तेवढे शिल्लक. ती मागल्या चाकातून आणि गाडीच्या सांगाड्यातून, अशी दोन्हींतून न्यावी. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीवर टेकलेल्या साखळीला फरशी ऐरणीचे काम देते आणि वरून घातलेला घाव पुरता लागतो. अधांतरी ताठ राहिलेली साखळी घाव झेलून मागे सरते.

आता या सर्वांवर कोणी म्हणेल, की चोराने मनात आणले तर कोणतीही साखळी तुटते. खरे आहे. बॅटरीवर चालणारे कटर आता खेड्यापाड्यांत झाले आहे आणि त्याच्यापुढे पोलादाचेही काही चालत नाही. परंतु कुलूप चोराला कायमचे अडविण्यासाठी कधीच नव्हते. ते त्याचा वेळ खाण्यासाठी आणि त्याला आवाज करायला लावण्यासाठी असते. विलायतेत कुलपांची परीक्षा घेऊन त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देणारी 'सोल्ड सिक्युअर' नावाची संस्था आहे. तिच्या परीक्षेतही कुलूप हत्यारांपुढे किती टिकाव धरते हेच पाहिले जाते. न तुटणारे कुलूप कोणीच विकत नाही. तेथेही विकला जातो तो वेळच.

आणि वेळेला किंमत केव्हा? कोणी पाहणारा असेल तेव्हा. या मुद्द्यावर मला आमच्या जुन्या गल्ल्यांविषयी थोडे बोलले पाहिजे.

बेळगावचे आणि चाकांचे नाते जुने आहे. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले सायकलींचे दुकान याच गावात काढले. पुढे 1910 साली औंधच्या महाराजांनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा बेळगावच्या वाट्याला किर्लोस्कर रोड हे नाव तेवढे राहिले. सायकल ही आमच्या घरांना पचली. रात्री ती उंबऱ्यावरून उचलून सोप्यात आणली जाई आणि भिंतीला टेकून घरच्या माणसासारखी झोपे. मोटारसायकल मात्र उंबऱ्याने नाकारली. म्हैसूरच्या कारखान्यातून 1961 पासून जावा निघू लागल्या, पुढे त्याच येझदी झाल्या. पुण्याहून बजाजच्या स्कूटर आल्या. पण जोते उंच, दार अरुंद, सोप्यात बायकामाणसांची ये-जा. तेव्हा गाडी बाहेरच राहिली.

बाहेर राहिली, पण उघड्यावर राहिली नाही, असे मी म्हणेन. कारण गल्लीत दोन येझदी आणि एक स्कूटर. तिन्हींचे आवाज सर्वांना पाठ. डॉक्टरांची गाडी सुरू झाली की घड्याळ न पाहता बायका कुकर चढवीत. त्या आवाजाबरोबर अनोळखी माणूस दिसला, तर तीन दारांतून तीन माणसे बाहेर येत. मालकांची खबरदारी केवढी? तर रात्री पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवायचा. नेणारा फर्लांगभर गेला की नळीतले पेट्रोल संपून गाडी बंद पडायची, आणि तो ढकलीत असताना गल्ली त्याच्या मागे पोचायची. युक्ती कॉकची होती, पण तिच्यातला अर्धा भाग गल्लीचा होता. 2020 पासून आलेल्या बहुतेक नव्या गाड्यांत इंधन इंजेक्शनने जाते, तेव्हा तो कॉकही गेला; आणि गल्लीही, खरे सांगायचे तर, बरीचशी गेली आहे.

आज आमच्याच गल्लीत रात्री तीसेक दुचाक्या उभ्या असतात. केए-22 बेळगावच्या, केए-23 चिकोडी-निपाणीकडच्या, एमएच-09 कोल्हापूरच्या. मधूनच एखादी गोव्याची. कोणाची कोणती, हे कोणालाच ठाऊक नाही. मुले पुण्याला आणि बंगळूरला, घरात दोन म्हातारी माणसे, त्यांची दारे सातनंतर बंद. भाच्याची गाडी नेली त्या रात्री समोरच्या आजींनी खिडकीतून दोन तरुण गाडी ढकलताना पाहिले होते. मी सकाळी विचारले तेव्हा म्हणाल्या, "मला वाटलं तुमचेच पाव्हणे. साखरपुडा होता की तुमच्याकडं." त्यांचे काही चुकले नाही. ज्या गल्लीत सारेच अनोळखी, तेथे चोर वेगळा ओळखू कसा यावा?

अलीकडे या प्रश्नावर एकच उत्तर दिले जाते, ते म्हणजे कॅमेरा. मी कॅमेऱ्याच्या विरुद्ध नाही. आमच्याही कोपऱ्यावर तो आहे आणि त्याने चोरी उत्तम टिपली. दोन माणसे, तोंडाला रुमाल, वेळ दोन वाजून दहा मिनिटे. पोलिसांना अशा चित्रांचा उपयोग होतो हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की कॅमेरा घडलेले सांगतो, घडू देत नाही असे नाही. हाक मारण्याचे काम त्याला येत नाही. गाडीत लपविता येणारा जीपीएसचा यंत्रतुकडा त्याहून उपयोगी. पण हप्ते फेडणाऱ्याला त्याचाही खर्च मोजावा लागतो.

आता सीमेची गोष्ट. 1 नोव्हेंबर 1956 या दिवशी बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली, त्या प्रश्नावर या लेखात मी काही लिहिणार नाही. तो माझ्या वाचकांच्या घरात माझ्याहून जुना आहे. मला सांगायचे ते वेगळे. निपाणीची मुले देवचंद महाविद्यालयात जातात. ते अर्जुननगर निपाणीला खेटून असले तरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात आहे. म्हणजे घर एका राज्यात आणि गाडी उभी दुसऱ्या राज्यात. अशा ठिकाणी गाडी गेली की पहिला अर्धा दिवस "कोणत्या ठाण्यात जायचे" या वादात जातो, आणि तेवढा अर्धा दिवस चोराला पुरतो. म्हणून हे सर्वांनी पक्के लक्षात ठेवावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173व्या कलमाप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. पुढे ती योग्य ठाण्याकडे पाठविण्याचे काम पोलिसांचे. जवळचे ठाणे गाठावे, गाडीचा क्रमांक, इंजिन आणि चासीचे क्रमांक द्यावेत, आणि फिर्यादीची प्रत घेऊन यावी. हे क्रमांक घरातल्या वहीत लिहिलेले असावेत. कागदपत्रे गाडीच्या डिकीत ठेवणे म्हणजे चोराला सातबारासह जमीन देणे होय.

विम्याचेही तसेच. कायद्याने सक्तीचा असलेला विमा दुसऱ्याला झालेल्या इजेचा असतो. आपली गाडी चोरीस गेल्यास त्यात छदाम मिळत नाही. चोरीची भरपाई हवी तर ती देणारा विमा मागून घ्यावा लागतो. चोरी झाल्यावर कंपनी बहुधा दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली हरवलेली असली, की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पोलिसांत वेळेवर फिर्याद दिली असेल, तर केवळ कंपनीला कळविण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये ठरविले आहे. तरी त्याच दिवशी कळवावे हे उत्तम. न्यायालयाचा आधार असावा, त्याची गरज पडू नये.

आणि एक गोष्ट आपल्याच घरांविषयी, थोडी कडू आहे. चोरलेली मोटारसायकल चोर जन्मभर चालवीत नाही. तो ती विकतो. आणि कोणीतरी ती विकत घेतो. "पलीकडच्या पासिंगची आहे, कागद मागनं येतात, दहा हजारांत मिळाली" हे वाक्य मी चांगल्या, देवधर्म करणाऱ्या घरांत ऐकले आहे. नदीपलीकडचा क्रमांक पाहून आपण जास्त सावध व्हायला हवे, त्याऐवजी तोच स्वस्ताईचा खुलासा ठरतो. परराज्यातली गाडी कायमची आणायची तर मूळ कार्यालयाचे नमुना 28 चे ना-हरकत पत्र लागते आणि 12 महिन्यांच्या आत नवी नोंदणी करावी लागते. हे पत्र नाही, तर तो सौदा नाही, असा बाणा प्रत्येक घराने धरला, तर चोराचा अर्धा धंदा कुलपावाचून बसेल. चोरीची आहे हे ठाऊक असून वस्तू घेणाराही गुन्हेगार ठरतो, हे कायदा सांगतोच. पण कोणाच्या तरी बहिणीच्या ताटावरचा घास आपण दहा हजारांत घेतो, हे कायद्याला सांगता येत नाही. ते आपल्याला आपणच सांगावे लागते.

आता पुन्हा त्या कड्याकडे येतो. भाच्याला मी म्हणालो, "साखळी घे. चांगली घे, पैसे मी देतो." तो म्हणाला, "मामा, साखळी घेतो, पण बांधू कशाला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. खरोखरच, बांधायचे कशाला? विजेच्या खांबाला बांधू नये. पावसाळ्यात आमच्याकडे त्या खांबांना कोणी हातही लावीत नाही, आणि लावू नये. दुसऱ्याच्या जाळीला बांधले तर भांडण. झाडाला बांधावे तर साल सोलते, आणि झाड तरी कुठे उरले आहे? खडेबाजारात, गणपत गल्लीत, निपाणीच्या बाजारात, बसस्थानकाबाहेर, इस्पितळाच्या दारात, कारखान्याच्या फाटकाशी हजारो दुचाक्या उभ्या असतात, आणि त्यांना बांधून ठेवता येईल अशी एकही वस्तू तेथे नसते. गाडीवाल्याला कुलूप लावण्याचा उपदेश आपण मोफत करतो. कुलूप अडकविण्याची जागा मात्र कोणी देत नाही.

आपल्या पूर्वजांनी ती दिली होती. घोडा हे त्या काळचे वाहन, आणि घोडा बाहेरच उभा राहणार हे गृहीत धरून वाड्याच्या जोत्यातच कडे बसविले जाई. ते कडे घरधन्याच्या घोड्यासाठी नव्हते. त्याच्या घोड्याला आत पागा होती. कडे होते पाहुण्याच्या घोड्यासाठी. माझ्या दाराशी तू आलास, तर तुझे जनावर उभे राहण्याची जबाबदारी माझ्या दगडाने घेतली, असा त्याचा अर्थ होता. ही दृष्टी आपण वाहनाबरोबरच सोडून दिली आणि दारात "येथे गाड्या लावू नयेत, हवा सोडली जाईल" अशी पाटी लावून मोकळे झालो.

लंडनमध्ये काही सार्वजनिक मोटारसायकल-तळांवर साखळी अडकविण्यासाठी जाड पोलादी दांडे जमिनीलगत बसविले आहेत. त्यासाठी मोठा शोध लागला नाही. कड्याचाच तो विलायती भाऊ आहे. आमच्या नगरपालिकांनी आणि महानगरपालिकेने दुचाकीतळाचे पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत, पण त्या पैशांत एक दांडा रोवावा. कारखान्यांनी आपल्या कामगारांच्या गाड्यांसाठी तो रोवावा. आणि गल्लीगल्लीतल्या मंडळांना माझी विनंती आहे. दरवर्षी मांडवासाठी रस्त्यात खड्डे घेण्याची कला आपल्याला उत्तम साधलेली आहे. एका वर्षी त्यांतले चार खड्डे काँक्रीटने भरताना त्यात चार कडी बसवावीत, रस्त्याला अडचण होणार नाही अशी, भिंतीच्या कडेला, उजेडाखाली. खर्च एका दिवसाच्या ध्वनिवर्धकाहून कमी येईल. परवानगीचा कागद करावा लागेल, तो करावा. ज्यांची घरे जुनी आहेत आणि जोत्यात कडे आहे, त्यांनी ते गवंड्याकडून कापून घेऊ नये. मी ते जवळजवळ कापले होते, म्हणून सांगतो.

यावर कोणी म्हणेल, की कड्याने चोरी थांबणार नाही. मीही तसे म्हणत नाही. साखळी वेळ देते, कडे साखळीला धरून ठेवते, आणि त्या वेळात कोणीतरी खिडकी उघडून "कोण रे तो?" म्हणावे लागते. तिसरी गोष्ट लोखंडाची नाही. पण पहिल्या दोन असल्या, तर तिसरीला निदान संधी मिळते. आणि आलेल्या पाहुण्याने गाडी लावताना समोरच्या दाराला "आजी, ही माझी गाडी, सकाळी नेतो" एवढे सांगितले, तर त्याला काहीही खर्च येत नाही.

भाच्याने यंदा जुनी गाडी घेतली; कागद पाहून, ना-हरकत पत्र घेऊन, पुरा विमा उतरवून. गेल्या महिन्यात तो मुक्कामाला आला. मी बॅटरी घेऊन दारात उभा राहिलो. त्याने गाडी जोत्याला भिडविली, साखळी मागल्या चाकातून आणि सांगाड्यातून ओवली, आणि कड्यात घालून कुलूप लावले. साखळी अधांतरी राहावी म्हणून मी दोनदा बजावले, ते त्याने निमूट ऐकून घेतले. समोरची खिडकी उघडली. आजींनी विचारले, "कुणाची रे गाडी ही?"

"माझी, आजी. निपाणीचा भाचा. सकाळी नेतो."

"बरं," आजी म्हणाल्या, आणि खिडकी लावली नाही.

रात्री वाऱ्याने म्हणा, कुत्र्याच्या धक्क्याने म्हणा, साखळी दोनतीनदा वाजली. दोन्ही वेळा उठून मी खिडकीतून पाहिले. गाडी जागेवर होती. कड्याची एक बाजू दुसरीपेक्षा बारीक झिजलेली आहे, हे त्या उजेडात मला प्रथमच दिसले.